पाच वॅट, नऊ वॅट

हौशी रेडिओवाल्यांत क्यूआरपीवाल्यांचा, म्हणजे कमी शक्तीवर संदेश पाठवणाऱ्यांचा, एक पंथ आहे. शंभर वॅटचा सेट परवडत असला तरी पाच वॅटवरच जग गाठायचं, हे त्याचं व्रत. मी त्याच पंथातला. वरच्या बँडवर, म्हणजे 15, 12 आणि 10 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यांवर, हे व्रत फळतं. मात्र सूर्यावर डाग हवेत. डाग वाढले की आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दाट होतं आणि 28 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 10 मीटरच्या, लहरी अवकाशात निसटून न जाता खाली परततात. 11 वर्षांच्या चक्रात अशी चांगली वर्षं मोजकीच. त्यामुळे टेबलक्लॉथवर डाग पडला की बोलणी खाणारा मी, सूर्यावर पडला की घरभर सांगत सुटतो. "तोही तुम्हीच पाडलात का?" बायको विचारते.

10 मीटरचा डायपोल, म्हणजे तारेचा साधा अँटेना, जेमतेम 5 मीटर लांब. तो गच्चीत बांधायच्या परवानगीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज नेला.

"किती वॅट?"

"पाच."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, जिन्यातला बल्ब नऊचा आहे!"

दुखणं नेमकं तेच. त्या बल्बच्या पोटातलं स्वस्त सर्किट शॉर्टवेव्हवर असा खरखराट करतं की निम्मी पृथ्वी त्यात बुडते. पण तक्रार कोणाची? पहिल्या मजल्यावरच्या काकूंची! माझ्या लहरींनी म्हणे त्यांचं विरजण लागत नाही. तार अजून गुंडाळीतच होती.

28.200 मेगाहर्ट्झवर जगभरच्या 18 बीकनची, म्हणजे आपोआप खुणेचे संदेश सोडणाऱ्या केंद्रांची, पाळी ठरलेली आहे. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांनी पुन्हा पहिला. मोर्समध्ये आपलं कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं सांकेतिक नाव, सांगायचं आणि चार लांब डॅश सोडायचे: 100 वॅटचा, मग 10, मग 1, शेवटी 0.1. किती डॅश ऐकू आले, त्यावरून बँडची तब्येत कळते. सोसायटी वामकुक्षीत असते तेव्हा सात हजार किलोमीटरवरच्या पर्थजवळच्या बीकनचे तीन डॅश स्वच्छ येतात, चौथा श्वास रोखला तर. जिन्यात दिवे लागले की दोनच. दिवाळीच्या माळा लागल्या की पर्थ हिंदी महासागरात.

लिफ्टची तऱ्हा वेगळीच. एकदा जपानमधला एक भिडू माझ्या पाच वॅटच्या हाकेला ओ देत होता. त्याने माझं अर्धं कॉलसाइन बरोबर उचललं, आणि खाली कोणीतरी बटण दाबलं. ते गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत जपान गेलं.

शेवटी जुना ट्रान्झिस्टर काढला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि जिना पालथा घातला. ज्या बल्बखाली खरखर वाढेल, तो चोर. रात्री लोकांच्या दारांपाशी ट्रान्झिस्टर कानाला लावून घुटमळणाऱ्या माणसाबद्दल वॉचमनने रजिस्टरमध्ये बरंच लिहिलं आहे. चोर बल्ब मी पदरमोड करून बदलले. सेक्रेटरी खूश! त्यांनी फलकावर नोटीस लावली: सोसायटीतील विजेच्या किरकोळ दुरुस्त्या एक सभासद विनामूल्य करतील. खाली माझा फ्लॅट नंबर.

काकू मिक्सर घेऊन आल्या तेव्हा दहा मीटर छान उघडला होता आणि जपान पुन्हा लागलं होतं. मी हेडफोन काढायच्या आत, "फक्त आवाज ऐका हो, कसा येतोय," म्हणत त्यांनी पिन माझ्याच सॉकेटमध्ये घातलीसुद्धा.