भिशीतली माणसं आणि ॲपमधली माणसं

रविवारी भाच्याचा फोन आला. सव्वीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो, महिन्याकाठी थोडे पैसे मागे टाकतो. "मावशी, एका स्टार्टअपमध्ये पंचवीस हजार घालू का? ग्रुपवर लिंक आलीय, तीन दिवसांत बंद होणार आहे." मी लगेच नाही म्हटलं नाही. आधी कागद पाठव म्हटलं. कागद वाचून झाला आणि हे लिहायला बसले.

आधी एक सांगते. अशा ठिकाणी पैसे घालणाऱ्यांना सरसकट हावरट म्हणणं मला पटत नाही. मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करते. दरवर्षी जुलैमध्ये शेकडो लोकांची विवरणपत्रं माझ्या हातून जातात. एफडीच्या सात टक्क्यांतून कर वजा झाला की काय उरतं आणि मुलांच्या फिया कशा वाढतात, हे मी आकड्यांत बघते. मोठ्या झालेल्या कंपन्यांत पहिला पैसा नेहमी श्रीमंतांचाच असतो. आपली पाळी येते ती आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा सगळ्यांना शेअर विकायला काढते तेव्हा, भाव चढल्यावर. त्या पहिल्या पंगतीत आपल्यालाही पान मिळावं असं कुणाला वाटलं, तर त्यात चूक काय?

आणि दहा जणांनी मिळून काही उभं करणं आपल्याला नवीन नाही. एकेका पैशाच्या वर्गणीतून जमलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला. पुढे प्रवरानगरला शेतकऱ्यांनी शेअर घेऊन साखर कारखाना उभा केला. माझ्या आजोबांकडे आमच्या भागातल्या एका कारखान्याचा शेअर होता, त्याचा कागद देव्हाऱ्याच्या कपाटात असायचा. लहानपणी मला वाटायचं की तो पूजेचाच कागद आहे.

पण पैसा फंडाला देणाऱ्याने परतावा मागितलाच नव्हता. आणि आजोबांना लाभांशापेक्षा महत्त्वाचं होतं ते हे, की त्यांचा ऊस वेळेवर तुटून गाळला जायचा. वार्षिक सभेत उभं राहून अहवालावर प्रश्न विचारता यायचा. चेअरमन कोण, त्याचं घर कुठलं, सगळं ठाऊक. पैसे गुंतवायच्या ॲपवर यातलं काय मिळतं?

माझाच अनुभव सांगते. २०२२ मध्ये मी एका पीटूपी ॲपवर एक लाख रुपये घातले. पीटूपी म्हणजे आपण आपले पैसे अनोळखी माणसांना कर्जाऊ द्यायचे. ॲप फक्त गाठ घालून देतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये याचे नियम केले. एका कर्जदाराला एका माणसाने ५०,००० पेक्षा जास्त द्यायचे नाहीत, कर्जाची मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त नको, पैसे एस्क्रो खात्यातूनच, म्हणजे ॲपच्या हाती न येता तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यातूनच, फिरले पाहिजेत. नियम चांगले होते. मी ते वाचले होते. तरीही माझ्या डोक्यात ते 'बारा टक्क्यांची एफडी' म्हणूनच बसलं, कारण ॲपवर तसंच दाखवलं जायचं. हवे तेव्हा पैसे काढा. रोज व्याज जमा. कर्जदाराचं नाव कुठे नाही, एक वाढत जाणारा हिरवा आकडा फक्त.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. पीटूपी हे ठरावीक परताव्याचं किंवा हवे तेव्हा पैसे मिळण्याचं गुंतवणूक साधन म्हणून खपवायचं नाही. कर्ज बुडालं तर नुकसान देणाऱ्याचं, ॲपने ते स्वतःवर घ्यायचं नाही. पैसे काढायचं बटण रातोरात गेलं. आता कर्जदार फेडेल तसे मिळतील, असा मेसेज आला. ऑक्टोबरमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मी त्या लाखावर विसंबून होते. शेवटी सोनं गहाण ठेवून कर्ज काढलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या चौदा महिन्यांत माझे ८७,००० सुट्टे सुट्टे परत आले. बाकीच्यापुढे 'ओव्हरड्यू' लिहिलेलं आहे.

तेव्हा मला रिझर्व्ह बँकेचा राग आला होता, आता येत नाही. बँकेने खरं बोलायला लावलं इतकंच. तो पैसा पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी घरखर्चात, दुकानात, मोटरसायकलमध्ये गेलेला होता. हवा तेव्हा परत मिळेल हे कुणी कशाच्या जोरावर सांगत होतं? मला मिळत होते ते बहुधा माझ्या मागून आलेल्याचे पैसे.

आता हिशेब. हा मी ऑफिसात रोज कुणाला तरी करून दाखवते. एक लाख रुपये, वीस कर्जदार, प्रत्येकी ५,००० आणि व्याज १८ टक्के. त्यातल्या दोघांनी एक रुपयाही फेडला नाही, बाकी अठरा जण चोख निघाले आणि मुद्दल वर्षभर अडकलेलं होतं असं धरा. व्याज आलं १६,२००. मुद्दल बुडालं १०,०००. आता ज्याची कराची वीस टक्क्यांची पायरी आहे त्याला त्या १६,२०० वर सेससकट साधारण ३,३७० रुपये कर, कारण व्याज हे उत्पन्न, आणि पगारदार माणसाला बुडालेलं मुद्दल त्यातून वजा करून घेता येत नाही. हातात उरले २,८३०. ॲपची फी यात धरलेलीच नाही. सात टक्क्यांच्या एफडीवर कर भरून ५,५४४ उरले असते, तेही रात्री शांत झोपून. वीसात दोन बुडणं म्हणजे काही आकाश कोसळणं नाही. आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार उधारीत तेवढे धरूनच चालतो.

तो दुकानदार तरी उधार कुणाला द्यायचं हे तोंड बघून ठरवतो. आमची भिशी सोळा वर्षं चालू आहे, बारा बायका. एकदा एकीचा नवरा आजारी पडला, तिचे दोन हप्ते थांबले. आम्हाला कारण माहीत होतं, म्हणून आम्ही थांबलो, आणि तिने दिवाळीला सगळे फेडले. ओळख असली की सगळं सुरक्षित, असं मात्र मी म्हणणार नाही. ओळखीच्या संचालकांच्या पतसंस्था बुडालेल्या आपण महाराष्ट्रात कमी पाहिल्या नाहीत. पण तिथे निदान एकत्र जाऊन दारात उभं राहता येतं. ॲपवर हजारो जणांनी मिळून पैसे घातलेले असतात आणि बुडताना प्रत्येक जण आपापल्या मोबाईलसमोर एकटा असतो. माझ्या त्या दोन-तीन थकलेल्या कर्जदारांत अजून कुणाकुणाचे पैसे अडकलेत, मला कधीच कळणार नाही.

'रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत' या शब्दांनीही फार लोक फसतात. नोंदणी म्हणजे हमी नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे काहीही नाही.

आता भाच्याचा कागद. आपल्याकडे खाजगी कंपनीला वर्षभरात २०० पेक्षा जास्त लोकांना खाजगीरीत्या शेअर देऊ करता येत नाहीत, आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. सामान्य लोकांकडून ऑनलाइन शेअर भांडवल गोळा करायला परवानगी द्यावी का, यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१४ मध्ये विचारविनिमय केला, पण तसे नियम केले नाहीत. उलट २०१६ मध्ये अशा अनधिकृत वेबसाइटपासून सावध राहायला सांगितलं. मग ग्रुपवरच्या लिंकमधून त्याला काय मिळणार होतं? मी बावीस पानं दोनदा वाचली. 'शेअर' हा शब्द त्याला लागू होईल असा कुठेच नव्हता. कंपनीची किंमत वाढली, आणि कंपनी विकली गेली किंवा मोठी गुंतवणूक आली, आणि कंपनीने ठरवलं, तर त्या वाढीतला वाटा रोख मिळण्याचा करार होता. मत नाही, सभा नाही, दुसऱ्याला विकायची सोय नाही.

मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं, की पाच-सहा वर्षं विसरता येतील आणि गेले तरी घरात कुणाचं काही अडणार नाही असेच पैसे घाल. आणि त्याआधी कंपनीला लेखी विचार, की यातलं काहीच घडलं नाही तर माझे पैसे परत कधी आणि कसे मिळतील.

त्याने सोमवारी मेल पाठवला. आज गुरुवार. उत्तर आलं की इथे लिहीन.