‘नाक खुपसणाऱ्या’ सिस्टरचं उत्तर

सर, आपली प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. ऑपरेशनच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून देतात त्या ऑन्डॅनसेट्रॉनवर मी लिहिलं होतं. आपलं म्हणणं असं: 32 मिलिग्रॅमच्या डोसाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात हा इशारा कॅन्सरच्या केमोच्या रुग्णांसाठी होता, ऑपरेशनला 4 च देतात, मी लोकांना उगाच घाबरवते, आणि ‘अहो बाई, डॉक्टर नसताना यात नाक खुपसू नका’.

आधी माझी चूक. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 32 चा एकदम द्यायचा डोस बंद होणार असल्याचं सांगितलं ते 2012 मध्ये. मी 2011 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता नाकाबद्दल. हे नाक सोलापुरात 29 वर्षं ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, मास्कमागे होतं. सकाळी साडेसहाला सात रस्त्यावरून लुना दामटत यायचं, ट्रॉली लावायची, औषधांच्या अँप्यूल (काचेच्या कुप्या) फोडायच्या. नवे नवे डॉक्टर ‘सिस्टर, हे किती मिनिटांत सोडू?’ विचारत मागे फिरायचे. तेव्हा कुणी माझी डिग्री काढली नाही.

मंगळवेढ्याकडची एक बाई आली होती. आतडं अडकलेलं, तीन दिवस नुसत्या उलट्या, पोटॅशियम 2.6, म्हणजे फारच उतरलेलं. मी सवयीने ऑन्डॅनसेट्रॉनची सिरिंज भरून तयार. भूलतज्ज्ञांनी माझा हात धरला आणि ईसीजीच्या पट्टीवर बोट ठेवलं, “क्यूटी बघा किती लांबलाय. हे राहू द्या, आधी पोटॅशियम.” भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच राहिली. पोटॅशियम-मॅग्नेशियम उतरलेलं असलं की एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी सावरायला जास्त वेळ लागतो; ईसीजीवर तोच लांबलेला क्यूटी म्हणून दिसतो. हे औषध तो वेळ आणखी ताणतं, आणि क्वचित ठोके भरकटतात. सांगणारे एमडी होते बरं का, म्हणजे तुम्हाला चालेल.

4 मिलिग्रॅमने बहुतेकांना काही होत नाही, हे लेखात तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असाल तर. ‘आधीचा ईसीजी आणि पोटॅशियम बघितलंत का?’ एवढं नातेवाइकाने विचारलं तर त्यात घाबरवणं कुठं आलं?

प्रतिक्रिया उडवलेली नाही, खाली तशीच आहे. फक्त ते ‘अहो बाई’ पुन्हा नको. ओटीत सर्जनसुद्धा मला सिस्टर म्हणायचे.