माझ्या गाडीचं गोत्र

पुण्यात असताना मी एकच शपथ घेतली होती. कुठल्याही मंडळाचं सभासद व्हायचं नाही. आमच्या गल्लीत गणपतीची दोन मंडळं होती. मुळात एकच होतं, पण एका वर्षी मांडवाचं तोंड कुठल्या बाजूला यावरून खजिनदार फुटला आणि जाताना ढोल घेऊन गेला. ताशे मूळ मंडळाकडे राहिले. पुढची कैक वर्षं गल्लीच्या एका टोकाला नुसते ढोल आणि दुसऱ्या टोकाला नुसते ताशे वाजायचे. माझा मामा ताशांच्या पक्षात होता. अजून आहे.

इंग्लंडला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. इथली माणसं बसस्टॉपवरसुद्धा एकमेकांपासून दोन हात लांब उभी राहतात, ती कशाला मंडळं काढतील आणि फोडतील? हा भ्रम पन्नाशीपर्यंत टिकला. पन्नाशीला माणसाला काहीतरी होतं. कुणी बासरी शिकतो, कुणी गुडघे दुखत असताना सह्याद्री चढतो. मी एमजीबी घेतली, म्हणजे एमजी या ब्रिटिश बनावटीची जुनी स्पोर्ट्स गाडी. १९७५ सालची, लाल, उघड्या टपाची, चकचकीत क्रोमच्या बंपरची. बायको म्हणाली, "दोनच सीट? मग भाजी कुठे ठेवायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही कोथिंबीर तिच्या मांडीवर बसून येते.

पहिल्याच रविवारी मी गाडी घेऊन आमच्या भागातल्या एमजीवाल्यांच्या जुन्या क्लबाच्या सभेला गेलो. पबच्या अंगणात दहा-बारा एमजी ओळीनं उभ्या होत्या. ट्वीडची टोपी घातलेले अध्यक्ष माझ्या गाडीजवळ आले, वाकले, बंपर पाहिला, मग आणखी वाकून चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट पाहिली.

"सुंदर. कितव्या सालची म्हणालात?"

"पंचाहत्तर."

लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी सगोत्र गोत्र सांगितल्यावर जशी शांतता पसरते, तशी पसरली.

मला नंतर कळलं ते असं. एमजीबी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनली, पाच लाखांच्या वर. सगळं सुरळीत होतं, पण अमेरिकेचे नियम बदलले. बंपरनं धक्का सोसला पाहिजे, दिवे ठरावीक उंचीवर पाहिजेत. त्यामुळे १९७४ च्या शरद ऋतूपासून गाडीला पुढे-मागे काळे, जाडजूड रबरी बंपर आले आणि अख्खी गाडी दीड इंच वर उचलली गेली. या एका घटनेनं एमजीवाल्यांची दोन कुळं झाली, क्रोमवाले आणि रबरवाले. (ते खरं तर रबर नाही, पॉलियुरेथेन आहे, आत पोलाद आहे. हे वाक्य चुकूनही क्रोमवाल्यासमोर बोलू नये.) माझी गाडी जन्मानं रबर. मधल्या कुणा मालकानं तिचं रबर काढून क्रोम चढवलं होतं, पण ती दीड इंच खाली घ्यायला विसरला होता. म्हणजे नऊवारी, नथ, अंबाडा सगळं जागच्या जागी, आणि पायात उंच टाचांचे सँडल.

जुन्या क्लबानं मला सहयोगी सभासद करून घेतलं. सहयोगी सभासदाला वर्गणी पूर्ण पडते, मत मात्र नसतं. म्हणून मी नव्या क्लबाकडे गेलो. तो रबरवाल्यांचा. तिथे फ्लीसचं जाकीट घातलेले अध्यक्ष प्रेमानं पुढे आले, आणि बंपर बघून त्यांचा चेहरा पडला. "तुम्हाला आपल्या गाडीची लाज वाटली का?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मी नाही काढलं, आधीच्यानं काढलं. सगळे असंच म्हणतात, असं त्यांच्या नजरेत होतं.

हे आमच्याच भागातलं खूळ असेल म्हणावं तर तसंही नाही. या देशात एमजीचेच दोन मोठे क्लब आहेत, एक १९३० चा आणि एक १९७३ चा. जग्वारवाल्यांचा एक १९५६ चा, एक १९८४ चा. आमच्या भागातले दोन क्लब यांपैकी कुणाचीही शाखा नाहीत. ते भांडणाच्या बाबतीत संपूर्ण स्वावलंबी आहेत. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचे मालक, ट्रायम्फवाले. १९६८ पासून एमजी आणि ट्रायम्फ ब्रिटिश लेलँड या एकाच कंपनीच्या छपराखाली नांदत होत्या, आणि भावकीत जे होतं तेच झालं. पैसा कुणाला मिळाला, लाडकं कोण, याचा हिशेब अजून चालू आहे. १९७४ च्या अखेरीस छोट्या एमजी मिजेटला चक्क ट्रायम्फचं १४९३ सीसी इंजिन बसवलं गेलं. त्याबद्दल इथली म्हातारी माणसं आजही आवाज खाली आणून बोलतात, घरातली मुलगी पळून गेल्यासारखी. आणि अ‍ॅबिंग्डनला कारखान्याची पन्नाशी थाटात साजरी होते न होते, तोच १० सप्टेंबर १९७९ च्या सोमवारी तो बंद करण्याची बातमी आली. हे सांगताना ट्वीड टोपीवाल्या अध्यक्षांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. तेव्हा मी त्यांचं सगळं माफ केलं. पुढच्या मिनिटाला त्यांनी माझ्या रेडिएटरच्या नळीवरची क्लिप चुकीच्या काळातली असल्याचं सांगितलं.

मग मी गाडीची पत्रिका मागवली. थट्टा नाही. गेडनच्या मोटार संग्रहालयात जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. चासी क्रमांक आणि पैसे पाठवले की जन्मतारीख, मूळ रंग, कुठे रवाना झाली, सगळं छापून येतं. वाटलं, त्यात काहीतरी असं निघेल की दोन्ही कुळं गप्प बसतील. निघालं ते असं की गाडी जन्मतः लालही नव्हती. मूळ रंग ब्रॅकन. म्हणजे उकळून उकळून करपलेल्या चहात चिमूटभर हळद पडली तर जो येईल तो. मी तो कागद विम्याच्या फायलीत, अगदी तळाशी ठेवला.

शेवटी मी दोन्ही क्लबांची वर्गणी भरायला लागलो. दोन्हीकडचे गोल पितळी बॅज मिळाले, ते पुढच्या जाळीवर लावायचे असतात. दोन्ही एकदम लावणं अशक्य होतं. त्यामुळे सभेला जाताना गावाबाहेर एका वळणावर गाडी थांबवायची, गुडघ्यावर बसायचं, पान्यानं एक बॅज काढायचा, दुसरा लावायचा, बोटांचं ग्रीस गवताला पुसायचं. एकदा पाऊस होता. बायको मांडीवर छत्री आणि कोथिंबीर घेऊन आत बसली होती. म्हणाली, "लफडी करणारे पुरुष अंगठी काढतात. तू बॅज काढतोस."

जूनमध्ये मामा तीन महिन्यांसाठी आला आणि त्याच महिन्यात गावच्या जत्रेचा प्रसंग ओढवला. चर्चच्या छपरासाठी पैसे जमवायला दरवर्षी एका कुरणात स्टॉल लागतात, केक, जॅम, जुनी पुस्तकं. त्या वर्षी आयोजक बाईंनी बिचारीनं दोन्ही क्लबांना बोलावलं. तिला वाटलं, एमजी ती एमजी. परिणामी कुरणाच्या मधोमध दोरी बांधली गेली. अलीकडे क्रोम, पलीकडे रबर. मी गाडी दोरीच्या शेवटी, खुंट्यापाशी लावली आणि जाळीवर एकही बॅज ठेवला नाही. चारला सगळ्या गाड्यांनी गावातून मिरवत जायचं होतं, आणि पुढे कोण यावरून दुपारी दोनलाच तोंडं फिरली होती.

मामाला मी सगळा प्रकार समजावून सांगितला. त्याला एकदाही "म्हणजे?" असं विचारावं लागलं नाही. "मिरवणुकीचा क्रम," तो म्हणाला, "हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्न. आपल्याकडे कसबा गणपती पहिला, जोगेश्वरी दुसरी, हे ठरवायला टिळकांना मध्ये पडावं लागलं म्हणतात. इथे कोण आहे?" इथे केकवाल्या बाई होत्या. मामा केक बघायला गेला.

चारला पाच कमी असताना मी किल्ली फिरवली. काहीच नाही. घरघर नाही, दिवा नाही, डॅशबोर्ड मढ्यासारखा थंड. जुन्या क्लबाचे अध्यक्ष आले आणि बॉनेट उघडून कमरेपर्यंत आत गेले. दोन मिनिटांत नव्या क्लबाचे अध्यक्ष दोरी ओलांडून आले. दोरी ओलांडली गेल्याची ती पहिलीच वेळ. एक म्हणे अर्थिंग गेलंय, दुसरे म्हणे इग्निशनचा स्विच. अर्थिंगवरून गाडी बॅटरीच्या टोकांवर घसरली, कारण जुन्या अध्यक्षांची स्वतःची गाडी १९६४ ची, तिच्यात बॅटरीचं धन टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं, आणि १९६७ च्या अखेरीपासून कारखान्यानं ऋण टोक अर्थला जोडायला सुरुवात केली, ते त्यांच्या मते अधःपतनाचं पहिलं पाऊल. दोन्हीकडचे सभासद जमले. कुणी मीटर आणला, कुणी वायरी, कुणी थर्मासमधला चहा. रबरवाल्यांचा खजिनदार क्रोमवाल्यांच्या चिटणिसाला टॉर्च धरून उभा होता.

आणि तेवढ्यात मला आठवलं. सीटमागच्या बॅटरीला मी एक लाल किल्लीचा खटका बसवला होता, गाडी उभी असताना वीज झिरपू नये म्हणून. मूळ गाडीत असलं काही नसतं, त्यामुळे तो गालिच्याखाली दडवला होता. गाडी लावली की ती लाल किल्ली काढायचं काम सकाळपासून मामाकडे दिलं होतं. हे आता, दोन अध्यक्षांच्या देखत, कुठल्या तोंडानं सांगणार? जुना क्लब माझं सहयोगित्वही काढून घेईल.

मी धावत तंबूकडे गेलो. मामा व्हिक्टोरिया स्पंजचा तुकडा बशीत घेऊन, कुरण नीट दिसेल अशा खुर्चीवर बसला होता.

"मामा, ती लाल किल्ली तुझ्याकडे आहे?"

त्यानं झब्ब्याच्या खिशावर नुसता हात ठेवला.

"दे लवकर. अर्धा तास दोन्ही मंडळं गाडीत डोकं घालून बसलीत."

"बघतोय ना मी," मामा म्हणाला. "ढोल आणि ताशे एकत्र यायला आमच्या गल्लीत चौतीस वर्षं झाली, अजून आले नाहीत. बस जरा. केक खा."