लावून तर बघू!

चाळीस वर्षं बंद असलेला काचेच्या व्हॉल्व्हचा हॅम सेट (हौशी बिनतारीवाल्यांचा रेडिओ) टेबलावर आला की पहिलं शहाणपणाचं काम म्हणजे त्याची मेन्सची वायर कापून टाकणं. दुरुस्ती नंतर, आधी मोह तोडायचा. ‘लावून तर बघू’ या तीन शब्दांनी जेवढे ट्रान्सफॉर्मर जाळलेत, तेवढे आकाशातल्या विजेनेही जाळले नसतील. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. आम्ही मंडळी थेट प्लगच हातात घेतो.

तसंही त्या वायरीचं रबर वाकवलं की चुरा होतो. नवी तीन तारांची घालायची, फेजमध्ये फ्यूज आणि चासीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, आर्थ. मात्र सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसेल तर चासी सरळ मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. तिला आर्थ लावायचा नाही, आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तिला हातही लावायचा नाही. मेन्स आणि चासी यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा एक निरुपद्रवी दिसणारा कंडेन्सर (चार्ज साठवणारा भाग) बसलेला असतो. तो शॉर्ट झाला की अख्खी चासी जिवंत! तिथे वाय क्लासचाच, म्हणजे खास अशाच जागेसाठी बनवलेला, घालायचा.

आता कंडेन्सरांची पंगत. इलेक्ट्रोलिटिक आतून सुकलेले असतात आणि कागदी गळत असतात. गळणारे कागदी जास्त पाताळयंत्री, कारण सेट वाजत राहतो. ६व्ही६ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंटवर लगाम ठेवणाऱ्या जाळीला) ४७० किलोओहमचा रजिस्टन्स असेल आणि मागच्या टप्प्याचा सिग्नल तिला पोचवणारा कपलिंग कंडेन्सर फक्त १० मायक्रोअँपिअर गळत असेल, तर ग्रिडवर ४.७ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. ग्रिडने कॅथोडच्या १२.५ व्होल्ट खाली राहावं अशी अपेक्षा असते. व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, प्लेट लाल होते, आपण म्हणतो, ‘वा, काय सुंदर उजेड!’ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर निरोप घेतो.

कागदी सगळे बदलून ६३० व्होल्टचे फिल्मवाले घालावेत. मायका आणि सिरॅमिक मी उगाच छेडत नाही. इलेक्ट्रोलिटिकमध्ये आठाच्या जागी दहा मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट चालतो. पण ‘जास्त घातला तर घुमणं कमी होईल’ म्हणून रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या लगेच पुढे १०० चा ठोकला, की दर सायकलला तो भरायला येणाऱ्या करंटचे हिसके बिचाऱ्या व्हॉल्व्हला सोसावे लागतात. एका वेळी एकच भाग काढायचा, आधी फोटो काढायचा. बारा एकदम काढले की तेरावी वायर कुठली, हे सांगायला मूळ इंजिनिअर येत नाही.

पहिला करंट १०० वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बमधून, सेटशी सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे कुचकामी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. ढणढण पेटून राहिला तर लगेच बंद. व्हेरिअ‍ॅकवाले लोक (व्होल्टेज हळूहळू चढवणारा ट्रान्सफॉर्मर वापरणारे) ४० व्होल्टवर तासभर भक्तिभावाने बसतात. पण रेक्टिफायर ५वाय३ असेल, तर त्याची फिलामेंट तेवढ्यात तापतच नाही. कंडेन्सरपर्यंत काही पोचत नाही, तपश्चर्या वाया.

ट्रान्समीटरमध्ये मात्र थट्टा संपते. ४० मायक्रोफॅरड ८०० व्होल्टला भरलेला असेल तर जवळपास १३ ज्यूल बोटाची वाट बघत असतात. ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रजिस्टन्स) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो नेमका आतून तुटलेला असतो. प्लग काढायचा, १० किलोओहम, १० वॅटचा रजिस्टन्स इन्सुलेटेड दांडीला बांधून त्यातून चार्ज उतरवायचा, एक हात खिशात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं तर स्क्रूड्रायव्हर आणि कंडेन्सर दोघांचंही नुकसान. मग मीटरने मोजायचं, मिनिटभराने पुन्हा मोजायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा मोठा कंडेन्सर आपोआप थोडा भरून येतो. म्हणून काम होईपर्यंत शॉर्टिंगचा क्लिप लावूनच ठेवायचा, आणि चालू करण्यापूर्वी आठवणीने काढायचा.

सफाईही बेताने. व्हॉल्व्हच्या काचेवरचा नंबर ओल्या फडक्याच्या एका फटक्यात जातो आणि हातात उरते एक चकचकीत, बेनाम बाटली. गंज सोडवायचं तेल बँड स्विचवर मारू नये. चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब पुरे.

आणि आयएफ कॅनवरचे (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या कॉइलच्या डब्यांवरचे) ते स्क्रू! कुणीतरी आधीच ते ‘ढिले दिसले म्हणून’ गच्च आवळून ठेवलेले असतात. मग सिग्नल जनरेटरवर ४५५ किलोहर्ट्झ लावून मुळापासून सुरुवात. तीही प्लास्टिकच्या हत्यारानेच. पोलादी स्क्रूड्रायव्हरने पीक, म्हणजे सिग्नल सर्वांत जोरात येण्याची जागा, अचूक सापडतो. स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला की पीकही त्याच्याबरोबर निघून जातो.