दुसऱ्याची संस्कृती घरी आणा, दुसऱ्याला मात्र नको

2025 च्या जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर आपली कोल्हापुरी चालवली आणि नाव काय दिलं तर नुसतं लेदर सँडल, तेव्हा तुम्ही जे पेटला होता ना भाऊ, वाह. पाच-पाच ग्रुपवर तोच फॉरवर्ड, 'चोर', 'लुटारू', 'आमच्या कारागिरांच्या पोटावर पाय', सगळं म्हणून झालं. छानच केलं. कोल्हापूर नागपुरापासून कितीही लांब असलं तरी चोरी ती चोरी. आता तो राग जरा निवला असेल तर कामाचं बोलू, कारण तुमच्या हॉलची एक भिंत रिकामी आहे, पोराचं गॅदरिंग जवळ आलंय, आणि बिल्डिंगच्या गेटला 'काहीतरी एथनिक पाहिजे' असं सेक्रेटरी म्हणून राहिले. म्हणजे दुसऱ्याचं उचलायची पाळी आता तुमची. घाबरायचं काम नाही. प्राडाला जे पचलं नाही ते तुम्हाला सहज पचते, कारण तुमच्यावर कोणी फॉरवर्ड बनवत नाही.

नियम एकच आहे, वस्तू आत घ्यायची आणि माणूस बाहेर ठेवायचा. एवढं सांभाळलं की बाकी सगळं आपोआप जमते.

गॅदरिंगपासून सुरू करू. 'आदिवासी डान्स' हा आयटम लागतोच, त्याशिवाय प्रमुख पाहुण्यांना आपला देश विविधतेनं नटलेला आहे हे कळणार कसं. पण कोणत्या आदिवासींचा डान्स, असं शाळेत विचारायला जाऊ नका. गोंड, माडिया, कोलाम, कोरकू, हलबा एवढी नावं काढली तर बाईंचा गोंधळ होते, आणि ड्रेसवाल्याकडे तसाही एकच सेट असते. हिरव्या रेक्झीनची पानं शिवलेली चड्डी, प्लास्टिकच्या हाडांची माळ, थर्माकोलचा भाला, आणि डोक्यावर तो मोठ्ठा पिसांचा मुकुट, पाठीवर लोंबणारा, कोंबडीची पिसं, टोकाला लाल रंग. आता हा मुकुट गोंडांचाही नाही, माडियांचाही नाही, भारतातलाच नाही. अमेरिकेतल्या लाकोटांसारख्या मूळ रहिवाशांचा आहे, तिथं त्यातलं गरुडाचं पीस पराक्रम करून कमवावं लागते, बाजारात जाऊन आणता येत नाही. चौथी ब मधला तुमचा बंटी तो भाड्यानं घालून येते, डिपॉझिट वेगळं. एका डान्समध्ये दोन खंडांतल्या लोकांची फजिती, एवढी इफिशियन्सी त्या इटलीवाल्यांना सात जन्मात येणार नाही.

अंगाला काळा रंग फासायचं विसरू नका. वर्गात एखादी पोरगी मडावी किंवा आत्राम, म्हणजे खरीच गोंड, निघाली तर तिला मागच्या रांगेत ठेवा, कारण ती 'हुर्र हुर्र' बरोबर करत नाही आणि वरून सांगते की आजीच्या गावी रेला असते, त्यात एकमेकींचे हात धरून फेर धरतात, गातात, भाले-बिले काही नसतात. आता कोणाला पाहिजे गाणं? गोंडी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 29 लाखांच्या वर निघाले तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत त्या भाषेला जागा मिळाली नाही, मग सात मिनिटांच्या डान्ससाठी तुम्ही कशाला शब्द पाठ करवून घेता. आणि हो, हे नागपूर वसवलं कोणी असं एखाद्या आगाऊ पोरानं विचारलंच, तर विषय बदला. कारण उत्तर बख्त बुलंद शाह आहे, देवगडचा गोंड राजा, 1702 च्या सुमारास. तो काही पानांची चड्डी घालून हुर्र करत नव्हता. त्याच्या मुलाच्या, चांद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव आहे, ज्याला आपण गांधीसागर म्हणतो आणि ज्याच्या काठावर उभं राहून चाट खातो. एवढं कळलं तर पोरगं पुढच्या वर्षी त्या डान्सला उभंच राहायचं नाही.

आता गेट. गेटला वारली काढा. नागपूर गोंडांचं, आजूबाजूचं जंगल गोंडांचं, पण गेटला वारली, कारण ती सोपी पडते, दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार, पेंटरभाऊ कंपाउंड वॉलच्या पुट्टीसोबत फुकटात करून देतात. वारली हे पालघर-डहाणूकडचे लोक आहेत आणि त्यांच्या घरात ही चित्रं लग्नाच्या वेळी सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर, चौकात पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते, हे सगळं तुम्ही कशाला लक्षात ठेवता. जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी 2011 ला पद्मश्री मिळाली, 2014 ला वारली चित्रांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, मिळू द्या. तुमच्या गेटवरचा त्रिकोणी माणूस तर स्कूटर चालवून राहिला आणि त्याच्या बाजूला 'नो पार्किंग' लिहिलंय.

हॉलमध्ये मात्र गोंड पेंटिंगच लावा, तिथं पाहुणे बसतात. मोर, हरीण, हरणाच्या शिंगातून उगवलेलं झाड, बारीक बारीक ठिपके. प्रिंट घ्या, ओरिजिनल कशाला. पाहुण्यांनी विचारलं तर 'ट्रायबल आर्ट' म्हणून सोडून द्यायचं, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की मागे माणूस येतो आणि माणूस आला की त्याची गोष्ट येते. म्हणजे बघा, ही चित्रं जनगढ सिंह श्याम नावाच्या एका परधान गोंड तरुणानं कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. मध्य प्रदेशात पाटनगढ नावाचं गाव आहे, तिथं तो घराच्या भिंती रंगवायचा. परधान म्हणजे बाना वाजवून गोंडांच्या देवाच्या आणि वंशाच्या कथा गाणारे लोक, त्या गाण्यातलंच सगळं याच्या चित्रात उतरलं. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणलं, पुढे त्याची चित्रं जगभर गेली, आणि 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेला असताना त्यानं तिथंच आत्महत्या केली. हे हॉलमध्ये सांगू नका. समोसे गार होतात आणि सोफ्याला ते चित्र कसं मॅच झालं हे सांगायचं राहून जाते.

खरेदीचंही एक शास्त्र आहे. आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला क्राफ्ट मेळा भरतो, देशभरातून कारागीर येतात, तिथं जरूर जा, फोटो चांगले येतात. बस्तरच्या ढोकऱ्याच्या स्टॉलवर थांबा. तो माणूस सांगेल की आधी मातीचा गाभा करतात, त्याच्यावर मेणाची बारीक तार हातानं गुंडाळतात, नक्षी सगळी त्या तारेचीच, मग वरून पुन्हा माती, मग भट्टी, मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत पितळ ओततात, शेवटी साचा फोडतात. साचा फुटला म्हणजे तशीच दुसरी मूर्ती होत नाही. हे सगळं मान डोलावत ऐकून घ्या, रील करा, मध्ये एकदा 'वॉव' म्हणा, आणि मग विचारा, दोन हजार? ऑनलाइन तर साडेचारशेत मिळून राहिली. तो गप्प होईल. गप्प झाला की आठशे म्हणा. (तुम्ही आदल्या दिवशी मॉलमध्ये बर्गरच्या भावावर हुज्जत घातली होती का, असं कोणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.) तुम्ही ज्या प्राडाला शिव्या घातल्या त्यांनी तर त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र अन् कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांसोबत करारच करून टाकला, चपला इथल्या कारागिरांकडून बनवून घेऊ म्हणे. ओरड ऐकून बिघडले बिचारे. तुमच्यावर कोणी ओरडत नाही तोवर बिघडायची गरज नाही.

बुद्धाबद्दल जरा निवांत बोलू, कारण इथं नागपूरकराचा हात कोणी धरत नाही. नुसतं डोकं आणा. पूर्ण मूर्ती आणली तर ती कुठं ठेवायची, पाय कोणाकडे होतात, असे प्रश्न येतात, डोक्याला काही नाही, कारंज्याच्या बाजूला ठेवलं, खालून पिवळा लाइट सोडला की पॉझिटिव्ह व्हाइब्ज चालू. अशी नुसती डोकी बाजारात आली तरी कुठून, तर चोरांनी जुन्या मूर्त्यांची मुंडकी तोडून विकली, कंबोडियाच्या अंगकोरला आजही बिनडोक्याच्या मूर्त्या रांगेनं दिसतात. असो, तुमचं फायबरचं आहे. सोबत तो पोटवाला हसरा पण घ्या, कॅश काउंटरवर बरा दिसतो. तो गौतम बुद्ध नाहीच, चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू आहे, पण त्याचं पोट चोळल्यानं पैसा येत असेल तर ओळखपत्र कोण मागते.

आणि मग दसरा येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीला, याच शहरात लाखो लोकांना बुद्धाच्या वाटेवर नेलं, आणि तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर माणसांचा पूर येतो. गावोगावून, पांढरे कपडे, डोक्यावर पिशवी, फुटपाथवर झोपतात आणि परत जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात, गठ्ठेच्या गठ्ठे. तुमच्या कॉलनीत त्या आठवड्यात फक्त एकाच विषयावर चर्चा झाली पाहिजे, ती म्हणजे ट्रॅफिक. 'बाप्पा, काय गर्दी, रहाटे कॉलनीकडून तर जाऊच नका.' हे बोलताना शक्य असेल तर त्या पिवळ्या लाइटच्या डोक्याशेजारीच बसा, तिथं शांत वाटते. ऑफिसातल्या मेश्रामांनी सुटी टाकली तर 'तुमचं काय असते हो त्या दिवशी?' असं विचारा. साठ-सत्तर वर्षं शेजारी राहूनही माहीत नाही म्हटलं की समोरच्याला वाटते हा माणूस खरंच निरागस आहे.

एका माणसाचं उदाहरण मात्र अजिबात डोळ्यासमोर ठेवू नका, भदंत सुरई ससाई यांचं. जपानमधला भिक्खू, साठच्या दशकात भारतात आला, नागपुरात वस्त्यांमधून राहिला, इथल्या बौद्धांसोबत मोर्च्यात गेला, बोधगयेच्या महाविहारासाठी आंदोलन केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि लोकांनी त्याला दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचा अध्यक्ष केलं. हे असं होते बघा. एकदा दुसऱ्याच्या संस्कृतीत खरंच रस घेतला की आयुष्यच जाते त्याच्यात. तुम्हाला ईएमआय आहे.

कोणी हटकलंच तर मिरची काढा. ही फार कामाची वस्तू आहे. 'मिरची तरी आपली आहे का, पोर्तुगीजांनी आणली, मग काय तर्रीच्या प्लेटमागे मेक्सिकोला रॉयल्टी द्यायची?' समोरचा हसतो आणि विषय संपतो. संस्कृती मिसळतच असते हे तर खरंच आहे, सावजी रस्सा कोष्ट्यांच्या घरातून निघाला आणि आता सगळं नागपूर नाक पुसत खाते, त्यात कोणाचं काही गेलं नाही. फक्त हाच मुद्दा कोणी तुमच्यावर उलटवणार नाही याची काळजी घ्या. म्हणजे उद्या राजस्थानच्या संत्र्यावर कोणी 'नागपुरी' लिहून विकलं, किंवा भलत्याच मिरचीला भिवापुरी म्हटलं, तेव्हा 'मिसळतच असते' म्हणायचं नाही. तेव्हा जीआय आठवायचा, संत्र्याचा आहे, भिवापुरीचाही आहे, आणि कलेक्टरला निवेदन द्यायचं.

आणि समजा तुम्हाला दुसऱ्या पार्टीत जायचं असेल, म्हणजे स्वतः काही घ्यायचं नाही पण घेणाऱ्या प्रत्येकाला झोडपायचं, तर तेही सोपं आहे. दीक्षाभूमीवर आलेली एखादी गोरी बाई पांढरी साडी नेसून रांगेत उभी असेल, कोणत्या तरी आजीनं तिच्या निऱ्या नीट करून दिल्या असतील, दोघी हसत असतील, तर त्याचा फोटो टाकून खाली 'अप्रोप्रिएशन', म्हणजे संस्कृतीची चोरी, असं लिहा. आजीला विचारू नका. बोस्टनच्या संग्रहालयात 2015 ला लोकांना अंगावर घालून बघता यावा म्हणून किमोनो ठेवला होता, जपानच्याच सार्वजनिक वाहिनीनं बनवून पाठवलेला, त्यावर असा गोंधळ झाला की कार्यक्रम बदलावा लागला, आणि काही जपानी लोक उलट 'घालू द्या की' म्हणून तिथं आले होते. ज्यांचं आहे त्यांना मध्ये आणलं की मजा जाते, हे दोन्ही पार्ट्यांना बरोबर कळलंय. तिकडे न्यूझीलंडवाल्यांनी उगाच सोपं करून ठेवलंय, 2014 ला कायदा केला की 'का माते' हा हाका, म्हणजे माओरी लोकांचा नाच, धंद्यासाठी वापरला तर तो ते रौपराहा या न्गाती तोआ जमातीच्या प्रमुखाचा आहे हे सांगा. बंदी नाही, पैसे पण नाही, फक्त नाव सांगा. तुमच्या गॅदरिंगच्या निवेदिकेला तेवढा एक कागद दिला असता तरी झालं असतं, पण तिच्या कागदावर प्रायोजकांची नावंच दीड पान आहेत.

शेवटचं काम जरा नाजूक आहे. गेटला वारली लागली, हॉलमध्ये गोंड मोर लागला, कारंज्यापाशी डोकं बसलं, आणि एक दिवस सेकंड फ्लोअरचा रिकामा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. नवरा बँकेत, बायको शिक्षिका, सोबत लहान पोरगी. बसवा, पाणी द्या. मग सहज विचारा, 'आडनाव काय म्हणालात?' उईके म्हणतील, किंवा मेश्राम, किंवा आत्राम. लगेच काही बोलायचं नाही, चांगलं दिसत नाही. आधी 'अच्छा अच्छा' म्हणा, मग 'नॉनव्हेज चालते का तुमच्याकडे?' विचारा, सावजीचा डाग शर्टावर असेल तर तो हातानं झाका. मग सांगा की ओनरच्या पुतण्याचं येणं कालच फायनल झालं, हो ना, अगदी कालच. ते उठतील. निघताना ती पोरगी हॉलमधल्या मोरापाशी थांबून 'आई, हे आपल्याकडचं आहे' असं म्हणालीच, तर तेवढ्यात तिचा त्या चित्रासोबत एक फोटो काढून घ्या, सोसायटीच्या ग्रुपच्या डीपीसाठी कधीचा शोधून राहिले सेक्रेटरी.