पूल क्यू म्हणजे दोन हजारांचं लाकूड नव्हे

गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मराठी संदेश फिरतोय. पूल क्यू म्हणजे पूल या टेबलावरच्या खेळात चेंडूला मारायची काठी. हाताने बनवलेल्या पूल क्यूच्या नावाखाली लूट चालते, असं त्या संदेशाचं म्हणणं. मुद्दे थोडक्यात असे: क्यूत लाकूड फार तर दोन-तीन हजार रुपयांचं असतं, बाकी सगळा नफा. कारागिराकडे लेथ (कातण्याचं यंत्र) किंवा संगणकावर चालणारं यंत्र असेल तर तो क्यू हाताने बनवलेला नाहीच. कारखान्यातला दहा हजारांचा क्यू तेवढाच चांगला खेळतो. उरलेली किंमत नावाची असते. आणि घ्यायचाच असेल तर हस्तिदंत बसवलेला घ्या, भारतात आणून दुप्पट दराने विकता येतो.

असले संदेश मी वाचून सोडून देतो. पण हा सांगलीहून काकांनी त्यांच्या मुलाला, म्हणजे अमेरिकेत ओहायोतल्या माझ्या मावसभावाला पाठवला. तो तिथे बरीच वर्षं लीगमध्ये खेळतो. पैसे साठवून त्याने एका कारागिराला २,४०० डॉलरचा क्यू करायला सांगितला होता. वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून त्याने कारागिराला ईमेल केली, की लाकडाचे किती आणि मजुरीचे किती ते वेगवेगळं लिहून पाठवा, लाकूड तर शंभर डॉलरचंही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम परत आली आणि यादीतून त्याचं नाव गेलं. कारागिराने एका ओळीत लिहिलं होतं की आपलं जमणार नाही. मला त्यात कारागिराची काही चूक दिसत नाही.

म्हणून सुरुवात लाकडाच्या मुद्द्यापासूनच करतो, कारण नुकसान त्यानेच केलं.

आपल्याकडच्या क्लबांत बहुतेकांनी पाहिलेला असतो तो स्नूकरचा क्यू. तो सहसा अ‍ॅशच्या लाकडाचा, टोकाला साडेनऊ-दहा मिलिमीटर. अमेरिकन पूलचा क्यू वेगळा. साधारण ५८ इंच लांब, १८ ते २१ औंस म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाचा, मधोमध स्क्रूने जोडलेल्या दोन तुकड्यांचा. मागचा जाड भाग बट, पुढचा निमुळता भाग शाफ्ट. शाफ्ट हार्ड मेपलचा असतो आणि टोकाला जेमतेम १२-१३ मिलिमीटर. एवढ्या बारीक, लांब लाकडाचा स्वभावच वाकण्याचा. झाड वाढताना आणि पुढे लाकूड वाळताना त्यात ताण साठतो. वरचा थर काढला की तो ताण मोकळा होतो आणि उरलेलं लाकूड हलतं. म्हणून चांगला शाफ्ट कोणीही एका दमात कातत नाही. इंचभर जाडीचा गोल दांडा घ्यायचा, त्यावरून थोडं लाकूड काढायचं आणि तो टांगून ठेवायचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थोडं काढायचं, पुन्हा टांगायचं. असं अनेकदा. शेवटच्या मापाला यायला वर्ष लागतं, कित्येकांकडे त्याहून जास्त.

विस्कॉन्सिनमधल्या एका कारागिराच्या शेडमध्ये मी हे जवळून पाहिलंय. छताखालच्या फळ्यांना भोकं पाडून शेकडो शाफ्ट उभे टांगलेले होते. प्रत्येकाच्या जाड टोकाशी पेन्सिलीने एकाखाली एक तारखा लिहिलेल्या, एक तारीख म्हणजे एक कात. त्याने एक शाफ्ट उतरवला, लेथच्या दोन टोकांमध्ये धरला, मधोमध डायल इंडिकेटर (बारीकसा वाकही काट्यावर दाखवणारं मापक) टेकवला आणि दांडा हाताने सावकाश फिरवला. काटा एका जागी थोडा सरकला आणि परत आला. डोळ्याला तो दांडा सरळच दिसत होता. त्याने काही न बोलता तो कोपऱ्यातल्या पिंपात टाकला. पहिली तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

त्या पिंपाचे पैसे कोणी द्यायचे? त्या शेडला बारा महिने तापमान आणि दमटपणा राखावा लागतो, त्याचे कोणी द्यायचे? लाकूड दोन हजारांचं म्हणणारा माणूस ग्राहकाच्या हातात आलेला एकच शाफ्ट मोजतो. तो सापडेपर्यंत जे बाद झाले आणि जेवढा काळ वाट पाहण्यात गेला, ते सगळं त्या एका क्यूच्या किमतीतूनच भरून यायचं असतं. 

आणि हे झालं नुसत्या शाफ्टचं. किंमत खरी चढते ती बटाच्या पुढच्या भागावर, फोरआर्मवर. त्यावर खालून वर जाणारी जी टोकदार पानं दिसतात त्यांना पॉइंट्स म्हणतात. ती रंगवलेली नसतात. मेपलच्या दांड्यात इंग्रजी 'व्ही'सारख्या चार खाचा पाडतात, आणि प्रत्येकीत एबनीची किंवा दुसऱ्या गडद लाकडाची चौकोनी पट्टी कोपऱ्यावर बसवून चिकटवतात. सरस धरला की सगळं मिळून निमुळतं कातायचं. कातताना बाहेरचं लाकूड जातं आणि खाच जिथे संपते तिथे आपोआप सुईसारखं टोक उमटतं. पट्टीभोवती रंगीत विनिअरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) तीन-चार थर असतील, तर ते प्रत्येक पॉइंटला कोपऱ्यात अचूक जुळवून आधी चिकटवावे लागतात.

यात चुकीला जागा किती ते बघा. खाच साधारण २५ सेंटिमीटर लांबीत एक सेंटिमीटर खोल जाते, म्हणजे उतार २५ ला १. एका खाचेची खोली ०.१ मिलिमीटरने चुकली की त्या पॉइंटचं टोक बाकी तिघांपेक्षा अडीच मिलिमीटर वर किंवा खाली जातं. कातताना दांडा केसभर मध्यावरून सरकला तरी तेच. चारही टोकं एका रेषेत आहेत की नाहीत हे जाणकार क्यू हातात घेतल्याबरोबर पाहतो, कारण नंतर दुरुस्तीला वावच नसतो. टोकं जुळली नाहीत तर फोरआर्म जळणात. चार पॉइंट, प्रत्येकाला चार विनिअर असलेला क्यू साध्या क्यूच्या दुप्पट-तिप्पट किमतीला का, याचं उत्तर इथे आहे. विनिअरच्या पट्ट्या स्वतः काही डॉलरांच्याच असतात.

बाकी कामांची नुसती नावं घेतो: बट आणि शाफ्टचा जोड एका अक्षात आणणं, रिंगा, हाताच्या पकडीवर आयरिश लिननचा दोरा फेऱ्याला फेरा चिकटवून गुंडाळणं आणि दाबून गुळगुळीत करणं, पॉलिशचे थर चढवून प्रत्येक थर घासणं, वजन आणि तोल ग्राहकाने सांगितलेल्या आकड्यावर आणणं. शेवटचं काम सोपं वाटतं, पण एबनी जड आणि मेपल त्या मानाने हलकं, त्यामुळे लाकूड बदललं की सगळा तोल बदलतो. कित्येकदा फोरआर्म आतून पोखरून मेपलचा गाभा घालावा लागतो.

आता यंत्राचा मुद्दा. लेथ वापरला म्हणजे हाताचं काम नाही, हे ज्याने लिहिलं त्याने कातकाम कधी पाहिलेलंच नाही. गोल आणि निमुळती वस्तू सहसा लेथवरच करतात. सावंतवाडीची लाकडी खेळणीसुद्धा लेथवर कातलेली असतात, ती यंत्राची म्हणून कोणी परत करत नाही. हाताने बनवलेला क्यू याचा अर्थ एवढाच, की लाकूड निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याच माणसाचा निर्णय आणि त्याच माणसाची जबाबदारी.

संगणकावर चालणाऱ्या यंत्राबद्दल मात्र अर्धं खरं बोललं गेलंय, तेवढं मान्य करायला हवं. इनलेच्या, म्हणजे लाकडात खोबणी पाडून बसवलेल्या नक्षीसाठी आज पुष्कळ कारागीर असं संगणकी यंत्र, सीएनसी, वापरतात. त्याआधी पॅन्टोग्राफ (नमुन्यावरून नक्कल कोरणारं यंत्र) वापरत, म्हणजे यंत्र तेव्हाही होतंच. पण सीएनसीचं पातं गोल फिरतं, म्हणून त्याने पाडलेल्या खोबणीच्या कोपऱ्यात बारीक गोलाई राहते. ती सुरीने साफ करणारे कारागीर आहेत आणि तशीच सोडणारेही आहेत. कोणी सीएनसीने कोरलेले बोथट पॉइंट 'हाताने जोडलेले' म्हणून त्या दराने विकत असेल तर ती फसवणूकच. भिंगातून टोक पाहिलं की कळतं आणि विचारायचा हक्क ग्राहकाला आहे. 'पॉइंट जोडलेले आहेत की कोरलेले?' असं मावसभावाने विचारलं असतं तर त्याला सरळ उत्तर मिळालं असतं.

खेळाच्या मुद्द्यावर मी फार भांडणार नाही. महाग क्यूने खेळ सुधारत नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले प्रा. डेव्हिड अल्चियाटोरे यांनी सेकंदाला हजारो चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हे दाखवून दिलंय. पांढऱ्या चेंडूला मध्यापासून डावी-उजवीकडे मारलं की तो नेमाच्या रेषेपासून किंचित बाजूला जातो, त्याला खेळाडू स्क्वर्ट म्हणतात. तो किती होणार हे शाफ्टच्या अगदी पुढच्या काही इंचांतल्या वजनावर ठरतं. टिप (क्यूच्या टोकावरची चामड्याची चकती) आणि चेंडू एकमेकांना मिलिसेकंदभर टेकतात, तेवढ्या वेळात मागचं लाकूड त्यात भागच घेऊ शकत नाही. म्हणजे बटावर सोनं जडवलं तरी चेंडूला ते कळणार नाही. कारखान्यातला पोकळ टोकाचा किंवा कार्बन फायबरचा शाफ्ट या एका बाबतीत बहुतेक हातच्या मेपल शाफ्टांना मागे टाकतो. संदेशातली ही ओळ बरीचशी खरी आहे. पण त्यावरून बाकी किंमत म्हणजे लूट, हे कुठून निघालं? हातचा क्यू घेणारा माणूस त्याच्या हाताच्या मापाची पकड, त्याला हवा तो तोल, पन्नास वर्षं न हलणारे जोड आणि एका माणसाची कला विकत घेत असतो. ज्याला ते नको त्याने कारखान्यातला घ्यावा, खुशाल जिंकावं.

नावाचा मुद्दाही असाच. नावाला किंमत आहे, नाही कोण म्हणतो? जॉर्ज बालाबुष्का १९१२ मध्ये रशियात जन्मला, मुलगा असताना अमेरिकेत आला, न्यूयॉर्कमध्ये सुतारकाम करत करत १९५९ च्या सुमारास क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये गेला. एवढ्या वर्षांत त्याने हजार-बाराशे क्यू केले असं मानतात. पुढे १९८६ च्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटाने त्याचं नाव घरोघरी नेलं, आणि पडद्यावर बालाबुष्का म्हणून मिरवलेला तो क्यू प्रत्यक्षात जॉस या कंपनीचा होता. म्हणजे नावाची जादू असते, हे मान्य. पण ती वाढलेली किंमत बालाबुष्काच्या खिशात गेली का? तो तेव्हा हयातच नव्हता. क्यू बनवणाऱ्या लास वेगासच्या साउथवेस्टचं आजचं उदाहरण घ्या. तिथली प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची, म्हणून वापरलेला क्यू बाजारात नव्यापेक्षा महाग जातो. वरचा पैसा विकणाऱ्याला मिळतो, कारागिराला त्याने सांगितलेला दरच मिळतो. शिवाय बालाबुष्काच्या कित्येक क्यूंचे जोडलेले फोरआर्म शिकागोच्या बर्टन स्पेनने आणि पेनसिल्व्हेनियाच्या गस झाम्बोटीने करून दिलेले होते, आणि हे माहीत असूनही संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. हे लोक नुसती सही पाहत नाहीत, जोड कोणाचा तेही पाहतात.

राहिला हस्तिदंत. संदेशातलं बाकी सगळं एक वेळ अज्ञान म्हणून सोडता येईल, हे सोडता येणार नाही. यापायी एखाद्या घरातला मुलगा विमानतळावर पकडला जाईल.

पूर्वी क्यूच्या टोकाशी टिपखाली असलेली कडी म्हणजे फेरूल, जोडाची कडी, बटावरची नक्षी हस्तिदंताची करत, हे खरं. तो काळ संपला. दुर्मिळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात बहुतेक सगळ्या हत्तींचा समावेश आहे, म्हणजे हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. अमेरिकेने ६ जुलै २०१६ पासून आफ्रिकन हस्तिदंताच्या देशांतर्गत व्यापारावरही जवळजवळ पूर्ण बंदी घातली. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू, किंवा दोनशे ग्रॅमहून कमी हस्तिदंत असलेल्या जुन्या वस्तू, असे मोजके अपवाद आहेत, आणि त्यांनाही अटी आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत, आणि आपली पुष्कळ माणसं तिथेच राहतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. 'क्यूवर फक्त एक कडी आहे', 'जुनीच आहे', 'भावाने भेट दिली' असं सांगून यातून सुटका होत नाही.

लाकडाचंही तसंच बघून घ्या. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, रोझवूडची बाकी सगळी कुळी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात. क्यू घेऊन देश ओलांडणार असाल तर कोणतं लाकूड आणि कोणतं फेरूल ते कारागिराकडून बिलावर लिहून घ्या. आज बहुतेक कारागीर फेरूलसाठी मेलामाइन, लिनन फिनॉलिक किंवा जुमा अशी कृत्रिम द्रव्यं वापरतात. ती चांगली टिकतात आणि त्यांनी खेळात काही कमी पडत नाही.

ज्यांनी ज्यांनी हा संदेश पुढे पाठवलाय, त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर तो टाकला तिथे जाऊन निदान हस्तिदंताची ओळ चुकीची आणि बेकायदेशीर आहे एवढं आजच लिहावं. काका, तुम्हीसुद्धा.