मत पक्कं असेल तर तिकीट कशाला?

कोल्हापुरात नव्यानं राहायला आला असाल तर गॅसचं कनेक्शन, दूधवाला वगैरे सावकाश बघा. आधी सिनेमावर एक मत तयार ठेवा. कुठल्या सिनेमावर, हे नंतर ठरवता येतं. इथं 'जेवलास काय?'च्या पाठोपाठ 'त्यो पिक्चर बघितलास काय?' येतं. त्यावर तुम्ही प्रामाणिकपणे 'नाही अजून' म्हणालात की समोरचा तुमची कीव करतो आणि पूर्ण गोष्ट शेवटासकट सांगून टाकतो. म्हणून 'बघितला, पण दम न्हाई' हे वाक्य पाठ करा. ते कुठल्याही सिनेमाला लागू पडतं, अजून प्रदर्शित न झालेल्यालासुद्धा.

निकाल दोनच असतात, काटा किर्र नाहीतर बंडल. 'तसा बरा आहे, पण मध्ये थोडा रेंगाळतो' असलं तोलून मापून बोलणारा माणूस पुण्याचा तरी असतो नाहीतर त्याला सिनेमातलं काही कळत नाही, असं इथं धरून चालतात. (दोन्ही एकाच वेळी असू शकतं, असंही काहींचं म्हणणं आहे.)

शिकायचं असेल तर रात्री जेवणानंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. ओठावर फेसाची मिशी आली की माणसाला आपोआप समीक्षा सुचते. तिथं ऐकलेला एक संवाद नमुना म्हणून देतो.

'सेकंड हाफ लै कंटाळवाणा हाय गा.'

'तू तर झोपलावतास की मर्दा!'

'मग? झोप आली म्हणूनच सांगतोय न्हवं!'

याच्या पलीकडे चित्रपट समीक्षा जाऊ शकत नाही. मोठमोठे जाणकार पटकथेच्या मांडणीवर चार परिच्छेद लिहितात आणि शेवटी त्यांना म्हणायचं हेच असतं.

आता इतिहास. सनावळ्या पाठ पाहिजेत, कारण वाद हरायला लागलात की त्याच कामाला येतात. १९१७ साली बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा स्वतः खपून घरचाच तयार केला. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३२ ला 'अयोध्येचा राजा' बोलायला लागला. मग १९३३. प्रभात पुण्याला गेली ते हे साल. ते नुसतं सांगायचं नाही, घरातली पोरगी न विचारता कुणाचा हात धरून गेल्यासारखं सांगायचं. कुणी ओटीटीवरच्या कोरियन मालिकेचं कौतुक करायला लागला की त्याला मध्येच तोडून 'भावा, हे कलापूर हाय' एवढं म्हणा. मालिकेशी त्याचा काय संबंध, हे तो विचारत नाही. विचारलंच तर दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचं नाव काढा. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा स्टुडिओ खाक झाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. यावर कोरियाकडं काय उत्तर आहे?

एक गोष्ट मात्र जपून सांगा. पेंटरांच्या १९२० च्या 'सैरंध्री'मधला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि तो प्रसंग कापावा लागला. हे सांगताना छाती फुगते, फुगू द्या. फक्त ती माणसं तिकीट काढून, आत बसून, डोळे उघडे ठेवून हादरली होती, हा तपशील गाळा. नवीन पोरांच्या डोक्यात नसते विचार येतात.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर मराठी सिनेमावरच्या अन्यायाबद्दल बोलू. तो दर शुक्रवारी होतो आणि तुम्हाला दर शुक्रवारी संतापायचं आहे. 'आमच्या सिनेमाला थिएटर देत न्हाईत' हे स्टेटसला ठेवा, खाली तीन आगीच्या खुणा. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितला होता. त्यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ हा सगळाच प्राइम टाइम ठरला. दुपारच्या वरणभाताला प्राइम टाइम म्हणणारं राज्य जगात दुसरं नसेल. हे उदाहरण तावातावानं द्या, टाळ्या मिळतात. त्याच शुक्रवारी शहरात तो मराठी सिनेमा लागलेला असतो. आत एक जोडपं, जे पडद्याकडं बघायला आलेलं नाही. दोन आजोबा एसीसाठी. आणि नायकाचा मावसभाऊ, ज्याला पास मिळालाय. तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर बाहेर संतापणार कोण? शिवाय सोमवारी शो उतरला की 'बघा, उतरवला!' म्हणायची सोय राहते. गेला असतात तर कदाचित उतरलाच नसता आणि आठवडाभर बोलायला काय उरलं असतं? मंगळवारपासून 'लिंक हाय काय?' एवढंच विचारायचं. लिंक मिळाली की दीडपट वेगानं बघायचा आणि 'सिनेमॅटोग्राफी जमली न्हाई' म्हणायचं. फोनची काच फुटलेली असली तरी हे मत ग्राह्य धरतात.

मालिकांचं शास्त्र वेगळं. मालिका आपण बघत नसतो. आई बघते, आपल्या फक्त कानावर पडते. एका घरातलं दृश्य सांगतो. संध्याकाळी साडेसात. काकी भाकरी थापता थापता स्वयंपाकघराच्या दारातून मान वाकडी करून टीव्ही बघतायत. काका पेपर तोंडासमोर धरून बसलेत, सकाळचाच पेपर, सकाळीच वाचून झालेला. जाहिरात लागते तसा पेपर खाली येतो. 'काय त्या बायका, नुसती कटकारस्थानं! बंद करा ते.' जाहिरात संपते, पेपर वर जातो. कुणी खरंच रिमोट उचलला तर पेपराच्या मागून आवाज येतो, 'थांब जरा, तिनं त्या कागदावर सही केली का बघू दे.' अर्ध्या तासाच्या जागेत मालिका असते बावीस-तेवीस मिनिटांची, बाकी सगळ्या जाहिराती. काका फक्त तेवढ्या जाहिराती बघतात. वाटल्यास विचारा त्यांना.

मालिकेच्या भाषेवर तर बोलायलाच पाहिजे. शेजारच्या वसगड्यात 'तुझ्यात जीव रंगला'चं शूटिंग लागलं, तेव्हा लोक गाड्या करून तिथला वाडा बघायला जायचे आणि परत येताना पार संकेश्वरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, 'आमच्या भाषेची पार वाट लावलीया. आम्ही काय असं बोलतोय व्हय? कायबी दाखवत्यात, आन् मानसं बघत्यात. जाऊ दे, चालतंय की!' यातलं 'चालतंय की' त्या मालिकेमुळंच अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं, हे त्यांना तुम्ही दाखवून देऊ नका. नवीन आहात, जपून.

सिनेमा बघायची वेळ आलीच, म्हणजे पाहुणे जबरदस्तीनं घेऊन गेले, तर कथेकडं लक्ष द्यायची गरज नाही. मागचं ठिकाण ओळखा. नायिका हुंदके देत असते तेव्हा शेजारच्याला कोपरानं ढोसून 'ते बघ, रंकाळा!' म्हणावं. शेतातला प्रसंग असेल तर ते शेत तुमच्या मामाचं असतंच, आणि लढाई असेल तर मॉबमध्ये डावीकडून कुणीतरी तुमच्या पेठेतला असतो. ऐतिहासिक सिनेमात पगडीचा पीळ आणि घोड्याची जात यांवर बोला. पण ओळखीपुरतंच. त्यातले तज्ज्ञ पेठेपेठेत आहेत आणि रात्रभर बसवून घेतात.

शेवटचा धोका इथला खास आहे. चित्रनगरी मोरेवाडीत आहे, शूटिंग कायम कुठं ना कुठं लागलेलं असतं. तेव्हा मिसळ खाता खाता तुम्ही ज्या सिनेमाची सालं काढताय, त्याचाच माणूस शेजारच्या बाकावर कट मागत असण्याची दाट शक्यता असते. तो वळून 'मी होतो त्या पिक्चरला' म्हणाला तर घाबरू नका. 'तुमचंच काम तेवढं झालंय बघा, बाकीच्यांनी घाण केली' एवढं म्हणायचं. समोर दिग्दर्शक असो, लाइटवाला असो नाहीतर जनरेटरच्या गाडीचा ड्रायव्हर, हे त्याला आतून पटलेलंच असतं. तो खूश होतो, तुमच्यासाठी जादा पाव मागवतो. आणि 'कुठल्या टॉकीजला बघितला?' असं विचारायच्या आत तुम्ही हात धुवायला उठा.